पहिल्या पानावरचा माणूस

खोतचाचांनी मला पहिल्यांदा नापास केलं तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, केमिकल इंजिनिअर होते आणि माझ्या हातात मी स्वतः लिहिलेली चौतीस पानं होती.

फुजैराच्या बंदराला लागून तेलाच्या टाक्यांची लांबलचक रांग आहे. तिथल्या एका टर्मिनलवर मी नुकतीच सेफ्टी इंजिनिअर म्हणून लागले होते. जहाजातून आलेलं तेल कुठल्या टाकीत कसं न्यायचं, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, कुठला बंद ठेवायचा, याची जुनी प्रोसिजर फार मोघम आहे असं माझं मत पडलं, आणि मी दोन महिने खपून नवी लिहिली. तिच्यात व्याख्या होत्या, तक्ते होते, तीन परिशिष्टं होती. अबू धाबीच्या हेड ऑफिसने तिचं ईमेलवर कौतुकही केलं होतं. फक्त शिफ्ट सुपरवायझरची सही राहिली होती.

हे शिफ्ट सुपरवायझर म्हणजे इस्माईल खोत. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचे, सातवीपर्यंत शिकलेले, तीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून इथे आलेले. उंची बेताची, दाढी पांढरी, खांदे मात्र अजून खलाशाचे. टर्मिनलवर मल्याळी, नेपाळी, पाकिस्तानी, इजिप्शियन असे सगळे त्यांना चाचा म्हणत, तसं मीही म्हणू लागले. ते मला चारचौघांत मॅडम म्हणत आणि दोघंच असलो की बाय.

त्यांनी ती चौतीस पानं एकेक करून उलटली. मग म्हणाले, माझं इंग्रजी वाचणं बैलगाडीचं आहे, तू मला मराठीत सांग. मी पाऊण तास सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बाय, ह्यातली कुठली गोष्ट चुकली तर माणूस मरतो?"

मी विचार करून सांगितलं, तीन. कुठल्या तीन, तेही सांगितलं. ते म्हणाले, मग त्या कितव्या पानावर आहेत? मला शोधाव्या लागल्या. एक अकराव्या पानावर होती, एक तेविसाव्या, आणि तिसरी परिशिष्टात.

"त्या तीन पहिल्या पानावर आण. बाकीचं त्यांच्या मागनं येऊ दे. मग मी सही करतो."

मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पुण्यात वाढलेल्या, कायम पहिल्या तीनांत आलेल्या मुलीला सातवी शिकलेल्या माणसाने असं परत पाठवावं, हे पचायला वेळ लागला. नवव्या दिवशी मी त्या तीन गोष्टी पहिल्या पानावर आणल्या. त्या वर आल्यावर मागची वीस पानं कशासाठी आहेत ते माझं मलाच सांगता येईना.

पुढे त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं. तेवढ्या काळात त्यांना घाई करताना मी पाहिलं नाही आणि लांबण लावतानाही पाहिलं नाही. रेडिओवर त्यांचं बोलणं चार शब्दांचं. शिफ्ट दुसऱ्याच्या हवाली करताना लोक अर्धा तास घेत, चाचा तीन मिनिटं घेत. काय चालू आहे, काय बंद आहे, कशाची भीती आहे. एवढं सांगितलं की "खलास" म्हणून हेल्मेट काढत. घरी फोनसुद्धा असाच. त्यांच्या बायकोने एकदा माझ्याशी व्हिडिओ कॉलवर तक्रार केली होती की हा माणूस बोलतो की तार पाठवतो तेच कळत नाही.

याला अपवाद एकच, चहा. कंट्रोल रूमच्या मागे त्यांनी एका रिकाम्या डब्यात गवती चहा लावला होता आणि फुजैराच्या जुलैतसुद्धा तो जगवला होता. आलं ठेचायचं, किसायचं नाही. दूध वेगळं तापवायचं. उकळी तीनदा आणायची आणि दोनदा खाली बसू द्यायची. यातलं काहीही दुसऱ्याने केलेलं त्यांना चालत नसे. मी एकदा म्हटलं, चाचा, याची प्रोसिजर लिहून देऊ का, पंधरा पानं तरी होतील. ते अजिबात हसले नाहीत. म्हणाले, ह्यात एकही गोष्ट फालतू नाय.

म्हणजे त्यांना काम कमी करायचं नव्हतं, हे मला तमांगच्या वेळी नीट कळलं. तमांग हा आमच्याकडचा नेपाळी ऑपरेटर. एका सकाळी त्याचे वडील गेल्याचा फोन आला. त्याने कंपनीच्या पोर्टलवर तातडीची रजा टाकली. पोर्टलने मृत्यूचा दाखला मागितला. वडील जाऊन तीन तास झाले होते, गाव डोंगरात होतं, दाखला कुठून येणार? एचआर म्हणालं, मॅनेजरने अपवाद म्हणून लिहून दिलं तर चालेल. मॅनेजरच्या ऑफिसातून कळलं, एचआरकडून फॉर्म आला की साहेब सही करतील. मीही मदतीला धावले, म्हणजे मी तिघांना एकाच ईमेलमध्ये घेतलं. दुपारी एकपर्यंत त्या ईमेलला अकरा उत्तरं आली होती आणि तमांग लॉकर रूममधल्या बाकावर तसाच बसून होता.

चाचांची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांना कोणीतरी कळवलं तसे ते आले, तमांगच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये घेऊन गेले. मी मागोमाग गेले. आमचे मॅनेजर मूळचे लखनौचे, माणूस वाईट नव्हता. चाचा उभ्यानेच म्हणाले, "सर, इसका बाप मर गया है. इसको घर जाना है. इसको रोक कौन रहा है?"

साहेबांनी तमांगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, कोणीच नाही.

"फिर मैं इसको एअरपोर्ट छोड़ता हूँ."

झालं. त्याला खरंच कोणी अडवत नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता, एवढंच. चाचांनी त्याला खोलीवर नेलं, बॅग भरायला लावली, तिकिटासाठी ट्रॅव्हल एजंटसमोर स्वतः उभे राहिले, शारजाला सोडलं आणि परत येऊन त्याच्या जागी रात्रपाळीही केली. फॉर्म आम्ही नंतर दोन आठवडे भरत बसलो.

माझी खोड मात्र जाता जात नव्हती. माझा नवरा नितीन अबू धाबीत नोकरीला आहे. त्याने अल रीम आयलंडवर फ्लॅट घेतला होता, आणि मी फुजैरा सोडून हेड ऑफिसला बदली मागावी असं दोन्हीकडच्या घरच्यांचं म्हणणं होतं. आमची मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची होती, माझ्याजवळ असे. मी रीतसर एक्सेल शीट केली. एकोणीस मुद्दे, प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला गुण. शाळा, प्रवास, घरभाडं, बढती, सासूबाईंचं येणंजाणं. एका शुक्रवारी चाचा खोर फक्कानच्या बाजूला गळ टाकून पकडलेले मासे घेऊन आमच्याकडे आले होते. माझं जेवण आटपल्यावर मी त्यांना लॅपटॉप उघडून ती शीट दाखवली.

त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, ह्यात उत्तर काय यायला पाहिजे म्हणून तू हे मांडलंयस?

मी म्हटलं, तसं काही नाही, जे येईल ते. ते इराच्या ताटातल्या माशाचे काटे काढत राहिले. शेवटी मला कबूल करावं लागलं की तीन वेळा अबू धाबीचे गुण जास्त आले होते, आणि तिन्ही वेळा मी वजनं बदलली होती.

"मग नितीनला तसं सांग ना. तो तक्त्याशी लग्न करून नाय बसला."

मी त्याच संध्याकाळी नितीनला फोन केला आणि म्हटलं, मला इथली नोकरी सोडायची नाही. तो म्हणाला, त्याला हे सहा महिन्यांपासून माहीत होतं, फक्त मी कधी बोलते त्याची तो वाट पाहत होता. आणि त्याने स्वतःही एक शीट केली होती. इराने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "सो आर वी मूव्हिंग ऑर नॉट?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "ओके."

आता त्या जानेवारीबद्दल. हे सगळं मी खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

एक मोठं जहाज आमच्या सात नंबर टाकीत फर्नेस ऑइल उतरवत होतं. हे तेल घट्ट असतं, गरम केल्याशिवाय वाहत नाही. पहाटे साडेपाचला मला कंट्रोल रूममधून बोलावणं आलं, कारण आकडे जुळत नव्हते. जहाज म्हणत होतं एवढं तेल दिलं, आमची टाकी सांगत होती त्याहून कमी मिळालं, आणि फरक दर अर्ध्या तासाला वाढत होता. मी पोचले तेव्हा चारजण स्क्रीनसमोर होते. एकाला सात नंबरमधली पातळी मोजणाऱ्या रडारचा संशय होता. दुसरा तापमानाची दुरुस्ती पुन्हा मोजत होता. तिसऱ्याचं ठाम मत होतं की जहाजाचाच हिशेब खोटा आहे. मीही खुर्ची ओढून बसले आणि घनतेचे तक्ते उघडले. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा पाचजणांना थोडी मजाही येत होती.

चाचा मागे उभे होते. दहा मिनिटं त्यांनी सगळं ऐकलं. मग हेल्मेट घातलं आणि बाहेर गेले.

जानेवारीत पहाटे डोंगराकडून वारा येतो आणि तिथलं लोखंड हाताला चांगलंच गार लागतं. चाचांनी हातमोजा काढला आणि जेटीकडून येणाऱ्या पाईपाच्या कडेने चालत निघाले. सात नंबरकडे जाणारा पाईप गरम होता, तो गरम असायलाच हवा होता. वाटेत इतर टाक्यांकडे फुटणाऱ्या फाट्यांवरचे व्हॉल्व्ह बंद होते. बंद व्हॉल्व्हच्या पलीकडचा पाईप गार असायला हवा. त्यांनी एकेका फाट्याला तळवा लावून पाहिला. पहिला गार, दुसरा गार, तिसरा गार. चौथा, अकरा नंबर टाकीकडे जाणारा, गरम होता.

आमच्या स्क्रीनवर तो व्हॉल्व्ह बंद दिसत होता. प्रत्यक्षात तो चार बोटं उघडा होता.

रेडिओवर त्यांचा आवाज आला. "जहाज को बोलो, पंप बंद. अभी." शिफ्टवरच्या कोणीतरी विचारलं, मॅनेजरसाहेबांना आधी फोन करायचा का. चाचा म्हणाले, पहले बंद. पंप बंद झाला. मग ते अकरा नंबरच्या जिन्याने वर चढले, मोजपट्टी आत सोडली. त्या टाकीला काठापर्यंत दीड वीत उरली होती. आणखी अर्ध्या तासात गरम तेल वरून वाहिलं असतं, आणि खाली त्या वेळी वेल्डिंगवाल्यांची सकाळची टोळी जमा व्हायला लागली होती. नऊ माणसं होती. मी मोजली.

अकरा नंबर भरत चालली आहे हे स्क्रीनवर का दिसलं नाही? कारण तिचा पातळी दाखवणारा गेज आणि धोक्याची घंटा चार दिवसांपूर्वी दुरुस्तीला काढली होती. त्या दुरुस्तीच्या परवान्यावर माझी सही होती. गेज नसेपर्यंत दर चार तासांनी टाकी हाताने मोजावी, अशी अट मी घातली होती. ती परवान्याच्या पाचव्या पानावर होती, तळाशी, इतर सोळा अटींच्या खाली. कोणीही ती वाचली नव्हती.

चौकशीला हेड ऑफिसची माणसं आली, बाहेरचे सल्लागार आले. भिंतीवर मोठा कागद लावून त्यांनी माशाच्या काट्यासारखी आकृती काढली आणि प्रत्येक काट्यावर कारणं चिकटवली. तीन आठवड्यांत मसुदा एकसष्ट पानांचा झाला. ती एकसष्ट पानं वाचल्यावर हाती दोन गोष्टी लागत. एक, शिफ्ट सुपरवायझरने व्हॉल्व्हची खात्री करून घेतली नव्हती. दोन, त्याने कंट्रोल रूम सोडली आणि परवानगीशिवाय जहाज थांबवलं. चाचांना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांना साठ पूर्ण होत होती आणि व्हिसा दोन वर्षं वाढवायचा कंपनीचा अर्ज टेबलावर पडून होता. धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तो अर्ज तिथेच थांबला.

चौकशीत त्यांना विचारलं होतं, पाईपाला हात लावायचा निर्णय तुम्ही कशाच्या आधारावर घेतलात? दुभाषी म्हणून मी होते. चाचा म्हणाले, पाईप गार पाहिजे होता, गरम होता. सल्लागाराने प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. चाचांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. मसुद्यात त्याचं झालं, 'सुपरवायझर आपल्या कृतीमागची कारणमीमांसा स्पष्ट करू शकले नाहीत.'

मसुद्यात माझं नाव कुठेच नव्हतं. पाचव्या पानाचा उल्लेख होता, पण 'अट विहित नमुन्यात नमूद करण्यात आली होती' असा. म्हणजे मी सुटले होते. त्या पुराव्याला कोणीच हात लावू शकलं नसतं, मी लिहिलं होतंच. चाचांनी मला एका शब्दाने काही सुचवलं नाही. रोज चहा देत होते, इराची चौकशी करत होते. मसुद्यावर सेफ्टीतर्फे माझी सही व्हायची होती आणि मी चार दिवस तो घेऊन फिरत होते. एकसष्ट पानं असली की माणसाला कुठल्याही पानामागे उभं राहता येतं, हे मला त्या चार दिवसांत समजलं. आयुष्यभर मी जे जाडजूड लिहीत आले, त्यातलं किती कामासाठी होतं आणि किती मागे उभं राहायला, हा हिशेब मला फारसा आवडला नाही.

पाचव्या दिवशी मी एक पान लिहिलं. व्हॉल्व्ह स्क्रीनवर बंद आणि प्रत्यक्षात उघडा होता, हे हात लावल्याशिवाय कोणालाही कळलं नसतं. अकरा नंबरचा गेज काढायला मी परवानगी दिली. टाकी हाताने मोजायची अट मी पाचव्या पानाच्या तळाशी लिहिली. पाचवं पान कोणी वाचत नाही हे मला माहीत होतं. इस्माईल खोत बाहेर गेले म्हणून नऊ माणसं वाचली. त्याखाली सही केली, ते पान एकसष्ट पानांच्या वर लावलं आणि मॅनेजरच्या हातात नेऊन दिलं.

त्यांनी तेवढंच वाचलं. याचा तुझ्यावर काय परिणाम होईल याची कल्पना आहे ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

मला लेखी ताकीद मिळाली आणि बढती एक वर्ष पुढे गेली. चाचांचं पत्र मागे घेतलं गेलं, व्हिसा वाढला. आमचे परवाने त्या वर्षीपासून एका पानाचे झाले. माणूस मरू शकेल अशी गोष्ट सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. आता कंपनीच्या बाकीच्या टर्मिनलवरही तेच चालतात, आणि ते कोणी सुरू केले असं कुणी विचारलं की मी खोतचाचांचं नाव सांगते. लोक विचारतात, कुठले इंजिनिअर? मी सांगते, दापोलीचे.

मॅनेजरला दिलेलं ते पान मी चाचांना कँटीनमध्ये मराठीत वाचून दाखवलं होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, पाचवं पान दाखवून तू सुटली असतीस. मी म्हटलं, हो. एवढंच आमचं बोलणं झालं. पण ते उठून बेसिनकडे गेले तेव्हा पलीकडच्या टेबलावर तमांग बसला होता, आणि माझ्याकडे पाठ करून चाचा त्याला हळू आवाजात म्हणाले ते मला ऐकू आलं.

"ये हमारे मुलुख की है."

पुणं आणि दापोली हा एकच मुलुख, हे त्यांनी आधी कधी मान्य केलं नव्हतं. त्यानंतर मला बढती मिळाली, एक बक्षीसही मिळालं, पण त्या पाच शब्दांची सर कशाला आली नाही.

मागच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. त्यांना शारजा एअरपोर्टला मी आणि इराने सोडलं. वाटेत डोंगरातून गाडी जाताना ते खिडकीबाहेर बघत होते, मध्येच म्हणाले, आलो तेव्हा हा रस्ता नव्हता. बाकी काही नाही. उतरल्यावर त्यांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "चल बाय, येतो," आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

आम्ही काचेबाहेर उभ्या राहिलो. चेक-इनची रांग लांब होती, सुट्टीला निघालेली माणसं, खोके, दोऱ्या, रडणारी मुलं. पिस्ता रंगाचा नवा शर्ट घातलेले चाचा त्यांच्यात उभे होते. एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी हाताने पुढे केलं. मागच्या कोणीतरी त्यांना वेळ विचारली असावी, कारण त्यांनी घड्याळ त्याच्यासमोर धरलं. मग रांग वळली आणि ते खोक्यांच्या एका ढिगाआड गेले.

इराने माझा हात ओढला. "आई, लेट्स गो. ही कान्ट सी अस."

मी तरी थोडा वेळ थांबले. त्या रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हतं आपल्यात कोण उभं आहे ते. मला माहीत होतं.